शेरा वाचला, मान्य

उद्धवरावांच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते, आणि ते तीन वर्षे राहून गेले होते.

मोतीराम गुरुजींना ही गोष्ट रोज सकाळी दात घासताना आठवे. दुपारपर्यंत ती विसरावी म्हणून ते वाचायला बसत. पण पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवले होते आणि शब्दकोश हेच त्यांचे सर्वांत आवडते पुस्तक होते. त्यामुळे कुठलाही शब्द शोधायला गेले की ते निळे अंतर्देशीय पत्र हाताला लागे. पत्र लहान होते. ‘गुडघे गेले, आता मी बोथला तुझ्याकडे येऊ शकत नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आपला अर्धा राहिलेला बुद्धिबळाचा डाव मी तसाच मांडून ठेवला आहे; पण नातवंडांचा भरवसा नाही. तुझी खेळी आहे. कधी येतोस ते कळव.’ आणि शेवटी एक टोमणा: ‘अर्थात तू आपणहून कुठे निघालास असे मी चाळीस वर्षांत पाहिलेले नाही. तुला कुणीतरी न्यावे लागते.’

घोडे पेंड खात होते ते या शेवटच्या ओळीपाशी. उद्धवराव आणि गुरुजी उटनूरच्या शाळेत एकाच खोलीत शेजारच्या खुर्च्यांवर बसून म्हातारे झाले. उद्धवरावांनी त्यांना सहलीला नेले, बदलीच्या अर्जासाठी आदिलाबादला नेले, लग्नाची मुलगी पाहायलाही तेच घेऊन गेले होते. आता ते नारनूरच्या अलीकडे आपल्या शेतावर गुडघे धरून बसले होते आणि हे त्यांना टोचून लिहीत होते. गुरुजींनी उत्तराचे अकरा कच्चे मसुदे केले. प्रत्येक मसुदा ‘कधी’ या शब्दापाशी अडला.

“बस हाय ना उटनूरपर्यंत,” गुरुजींच्या पत्नी रुक्माबाई म्हणत. “म्होरं आटो भेटते.”

“बसनं सगळेच जातात,” गुरुजी म्हणत.

“मंग तुमी काय इमानानं जान्नार हाय का?”

विमानाने नाही, पण स्वतःच्या गाडीने जायचे, स्वतः चालवत, हे गुरुजींनी मनात ठरवले होते. उद्धवरावांच्या अंगणात गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि सहज विचारायचे, “काय उद्धवा, कुणाची खेळी?” एवढ्या एका वाक्यासाठी त्यांनी निवृत्तीनंतर गाडी शिकून घेतली होती. परवाना मिळाला त्या दिवशी परीक्षा घेणाऱ्या साहेबाने ‘वेग थोडा वाढवा’ असा सल्ला दिला होता. गुरुजींनी तो वहीत उतरवून घेतला होता.

अमरदीपशेठचा ‘नवउमंग कार मेळा’ आदिलाबादच्या अलीकडे हायवेवर होता. रंगीत फुगे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि धुवून ओळीने उभ्या केलेल्या जुन्या गाड्या. त्यातली एक छोटी पांढरी गाडी गुरुजींना आवडली, कारण ती ओळीत सगळ्यांत मागे, जराशी अंग चोरून उभी होती.

“मास्टरजी, डॉक्टरसाब की गाडी है,” अमरदीपशेठ म्हणाला. “घर से दवाखाना, दवाखाने से घर. छे महीने की गारंटी, इंजन, गियर सब की. कुछ निकला तो फ्री में बनाके दूंगा, नहीं बना तो गाडी वापस, पूरा पैसा वापस. जबान है मेरी.”

गुरुजींना नाही म्हणायची सवय नव्हती. पावणेतीन लाखांचा सौदा झाला, चहा आला आणि शेठने एक लाल पुठ्ठ्याची वही पुढे केली. “दो लाइन लिख दो मास्टरजी, आपके मुबारक हाथ से.”

वही ‘अभिप्राय वही’ होती. आधीच्या गिऱ्हाइकांनी त्यात ‘गुड’ आणि ‘सुपर’ असे लिहिले होते. गुरुजींना ते बघवेना. तीस वर्षे शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे त्यांनी वाचले होते. शेवटची सात वर्षे बोथच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेही होते. शेरा कसा लिहावा याला एक रीत असते. आधी दिनांक आणि वेळ, मग काय पाहिले, मग काय सांगण्यात आले, मग सूचना आणि शेवटी समाधान. त्या रीतीने त्यांनी एक पान भरून काढले. अक्षर त्यांचे फळ्यावरच्या सुविचारासारखे होते. लिहून झाल्यावर त्यांनी वही शेठकडे वळवली.

“खाली ‘शेरा वाचला, मान्य’ असं मी लिहिलंय. त्याच्यापुढं तुमची सही आणि शिक्का. रिवाज आहे.”

शेठला मराठी बोललेले थोडे समजे, वाचता अजिबात येत नसे. पण एवढे देखणे पान त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने सही केली, शिक्का दोनदा मारला आणि पोराला हाक मारून सांगितले, “इसको फ्रेम करवा.”

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता गुरुजी आणि रुक्माबाई उद्धवरावांकडे निघाले. रुक्माबाई मागच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांचा डबा. पुढे बसायला त्यांनी साफ नकार दिला होता. “म्होरं बसलं का समदं दिसते,” असे त्यांचे म्हणणे होते.

इच्चोड्यापर्यंत गाडी बरी चालली. म्हणजे डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजे आणि हॉर्न दाबला की काच पुसायच्या दांड्या सुरू होत. पण जुन्या वस्तूला काही लकबी असायच्याच, असा गुरुजींनी विचार केला. त्यांना स्वतःलाही होत्या. इच्चोड्याला आठवडी बाजार होता. कोथिंबीर, बकऱ्या, स्टीलची भांडी, माणसे. गाडी दुसऱ्या गियरमध्ये अडकली ती निघेना. गुरुजींनी थोडा जोर केला. खट् असा आवाज झाला आणि गियरचा दांडा मुळापासून उपटून त्यांच्या हातात आला.

त्यांनी तो काही वेळ तसाच धरून ठेवला. पुढे काय करायचे असते हे शिकवणीत सांगितले नव्हते.

“अवो, हाती धरून काऊन बसले? बसवा ना त्याच्या जागी,” रुक्माबाई म्हणाल्या.

“जागाच राहिली नाही,” गुरुजी म्हणाले.

शेजारी राहणाऱ्या पंढरीला फोन केला. त्याचा ट्रॅक्टर होता आणि तो इच्चोड्याला कापूस टाकायला आलेलाच होता. पंढरीने दोर बांधला, गुरुजींना स्टिअरिंगवर बसवले आणि रिकामी ट्रॉली, तिच्यामागे गाडी अशी वरात बोथकडे निघाली. बोथमध्ये शिरताच गुरुजींचे जुने विद्यार्थी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उगवू लागले. शिक्षकी पेशाचा हा एक मोठा तोटा आहे. माणूस कुठेही तोंड लपवायला गेला की तिथे त्याने कुणाला तरी पाढे शिकवलेले असतात. मोटरसायकलवरचा एक जण बराच वेळ खिडकीला समांतर चालला.

“जयभीम गुरुजी! गाडी घेतली म्हनं?”

“जयभीम. हो, घेतली.”

“यवरेज काय देते?”

गुरुजींनी ट्रॅक्टरकडे पाहिले. “ते पंढरीला विचार,” ते म्हणाले.

संध्याकाळी अंगणात बैठक भरली. सल्ला द्यायला बोथमध्ये कुणाला बोलवावे लागत नाही. रेणुकाबाई समोरच राहत. त्यांनी गाडीला नजर लागल्याचे सांगितले आणि लिंबू बांधून दिले. एकाने पेट्रोल बदलून पाहा म्हटले. पंढरी मात्र गाडीत डोके खुपसून बसला होता. त्याने पुढच्या डाव्या सीटखालची चटई उचलली आणि शीळ घातली.

“गुरुजी, इकडं या. हे दोन भोकं कायचे हाय, वळखा.”

“उंदीर?” गुरुजींनी भीत भीत विचारले.

“उंदराले गोल भोक पाडता येते का? इथं दुसरा बिरेक होता, दुसरा क्लच होता. मास्तरच्या पायापाशी. आन मागच्या काचीवर पाहा, उन्हात धरून. काय दिसते?”

काचेवर खरवडून काढलेल्या मोठ्या इंग्रजी ‘एल’ची सावली होती. मग सीटखालून तेल बदलल्याचे एक मळके कार्ड निघाले. त्यावर निजामाबादच्या एका ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्का आणि दोन वर्षांपूर्वीचा आकडा: एक लाख बारा हजार किलोमीटर. मीटरवर अडतीस हजार होते. गाडी दोन वर्षे उलटी चालली असली पाहिजे.

“डाक्टरची कायची,” पंढरी म्हणाला. “शिकवनीची गाडी हाय. हजार पोट्ट्यायनं हिचा गियर ओढला आसन. मी तं पयल्याच दिशी बोललो असतो, पन तुमी लय खुश दिसून राह्यले होते.”

गुरुजींना राग यायला हवा होता. पण त्यांना गाडीची दयाच आली. तीही बिचारी आपल्याच पेशातली निघाली. आयुष्यभर नवशिक्यांच्या हाती राबली आणि निवृत्तीनंतर कुणी तरी तिचे वय खोटे लिहिले.

अमरदीपशेठकडे जाऊन जाब विचारायचा, असे ठरले. जाब विचारणे हा प्रकार गुरुजींनी पुस्तकात वाचला होता. पहिल्या वेळी ते गेले, शेठने चहा पाजला, दोघे कापसाच्या भावावर बोलले आणि गुरुजी परत आले. दुसऱ्या वेळी ते वाक्य पाठ करून गेले; पण शेठ जेवत होता आणि जेवणाऱ्या माणसाला टोकणे त्यांच्याने झाले नाही. परत येताना त्यांच्या हातात नवे सीटकव्हर होते.

“हे काय?” रुक्माबाईंनी विचारले.

“त्यानं सवलतीत दिलं.”

रुक्माबाईंनी सीटकव्हर हातात घेऊन उलटेपालटे पाहिले. “शोभते,” त्या म्हणाल्या. “आता गाडी चालली नाई तरी बसाले बरं हाय.” मग त्याची घडी घालत म्हणाल्या, “अवो, तो मानूस तिकडं पट मांडून बसला हाय. तुमी इकडं कव्हर आनून राह्यले.”

हे मात्र लागले. तिसऱ्या वेळी गुरुजींनी ते वाक्य उंबऱ्यातच, चपला काढायच्या आधी, एका दमात म्हणून टाकले. शेठ हसला. “मास्टरजी, सेकंड हॅन्ड माल है. जैसा है वैसा. और आपने तो खुद लिखके दिया है!” त्याने भिंतीकडे बोट केले. तिथे, देवाच्या तसबिरीशेजारी, सोनेरी चौकटीत गुरुजींचा शेरा लटकत होता. काचेवर उजेड पडल्यामुळे लांबून मजकुराचे फक्त शेवटचे दोन शब्द वाचता येत होते, ‘समाधान वाटले’.

गुरुजी परत फिरले. बसमध्ये त्यांना उभ्याने यावे लागले आणि तेच त्यांना योग्य वाटले.

गुरुजींच्या बहिणीचा मुलगा संघपाल तहसील कार्यालयात कारकून होता. त्याला हे कळले तेव्हा तो जेवता जेवता उठलाच. “मामा, ग्राहक आयोगात तकरार काऊन नाई करत? आदिलाबादले जिल्हा आयोग हाय. डीलरनं खोटं सांगून जुनी गाडी इकली तरी कायदा लागते. वकील नाई लागत. पाच लाखाच्या आत फी बी नाई.”

“पण मीच लिहून दिलंय रे,” गुरुजी पुटपुटले. “समाधान वाटले म्हणून.”

“मामा, तुमी शिळ्या भातालेबी समाधान वाटलं म्हनता. ते कोन धरते?”

गुरुजींनी तक्रार लिहायला घेतली. आठ दिवस त्यांची खोली बंद होती. एकतीस पाने झाली. पहिल्या दोन पानांत चाकाच्या शोधाचा आढावा होता; विक्रेत्याच्या नीतीविषयी सहा पाने; मध्ये ‘कदाचित चूक माझीही असू शकेल’ हे वाक्य नऊ वेळा. संघपालने ते नऊही काढले. आयोगाच्या कार्यालयात कारकुनाने गठ्ठा उघडला, नम्रपणे मिटला आणि म्हणाला, “सार, मराठी कादु. तेलुगू लेदा इंग्लीषु.” म्हणजे तेलुगू किंवा इंग्रजीच हवे होते. आयुष्यभर तेलंगणात मराठी शिकवलेल्या माणसाला त्याच्या एकतीस पानांतले एकही अक्षर इथे चालणार नाही, हे ऐकावे लागले. संघपालने झाडाखाली बसून इंग्रजीत दीड पान केले, भोकांचे फोटो आणि ते मळके कार्ड जोडले. गुरुजींनी सही केली. दीड पानात आपले दुःख मावले, याचेही त्यांना थोडे दुःख झाले.

मग पेशी, म्हणजे सुनावणीच्या तारखा, सुरू झाल्या. पहिल्या पेशीला शेठ आला नाही. दुसरीला त्याने मुदत मागितली. प्रत्येक वेळी गुरुजी पहाटे उठून, इस्त्रीचा सदरा घालून, बोथहून बसने आदिलाबादला एकटे जात. संघपालला रजा मिळत नसे. आपण एकटेच जातो-येतो, ही गोष्ट गुरुजींच्या तेव्हा लक्षात आली नाही, पण रुक्माबाईंच्या आली. त्या डब्यात एक धपाटे जास्त घालू लागल्या.

तिसऱ्या पेशीला शेठ आला. वकिलाशिवायच आला होता, कारण त्याच्याकडे पुरावा होता. मोठ्या पिशवीतून त्याने सोनेरी चौकट काढली आणि टेबलावर उभी केली. गुरुजींनी मान खाली घातली.

“मॅडम, ये देखिए. कस्टमर खुद लिखके दिया, एकदम सॅटिसफाय है. मेरे दुकान में टंगा है, सारी दुनिया देखती है.”

अध्यक्ष मॅडम तेलुगूभाषक होत्या. त्यांनी चौकट जवळ ओढली. “हे मराठी आहे का? पूर्ण काय लिहिलंय?” त्यांनी हिंदीत विचारले.

“तारीफ है, मॅडम.”

“मी पूर्ण विचारते आहे.”

मागच्या बाकावर सुनयना नावाची तरुण वकील आपल्या प्रकरणाची वाट पाहत बसली होती, घरची मराठी. मॅडमनी तिला पुढे बोलावले. ती वाचत गेली आणि एकेक वाक्य हिंदीत सांगत गेली.

“दिनांक चौदा नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी अकरा चाळीस. आज रोजी नवउमंग कार मेळ्यास भेट दिली. पांढरी गाडी पाहिली. मीटरवर अडतीस हजार दोनशे बारा किलोमीटरची नोंद आढळली. मालक श्री. अमरदीप यांनी सांगितले की, गाडी एका डॉक्टरांच्या घरची असून केवळ दवाखान्यात जाण्यायेण्यासाठी वापरलेली आहे. इंजिन व गियर निर्दोष असून त्यांची सहा महिने हमी राहील. बिघाड निघाल्यास विनामूल्य दुरुस्ती. दुरुस्ती न झाल्यास गाडी परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करण्यात येईल. स्वागत आपुलकीचे. चहा उत्तम, साखर किंचित जास्त. वरील सर्व बाबींची पूर्तता होईल अशी खात्री आहे. समाधान वाटले.”

सुनयना थांबली. मग तिने काचेवर बोट ठेवले. “आणि खाली आहे: शेरा वाचला, मान्य. पुढे मालकांची सही. शिक्का दोन वेळा.”

अमरदीपशेठने चौकटीकडे असे पाहिले, जसे माणूस घरात पाळलेल्या मांजराकडे ते चावल्यावर पाहतो. “इसमें इतना सब लिखा था?” तो गुरुजींना म्हणाला, आणि त्यात राग कमी, दुखावलेपणा जास्त होता.

“शेरा असाच लिहितात,” गुरुजी ओशाळून म्हणाले. त्यांनी मान वर केली तेव्हा मॅडम त्यांच्याकडेच पाहत होत्या.

“मास्टरगारू,” त्या अदबीने म्हणाल्या, “तुम्ही ही प्रत तक्रारीला का नाही जोडली?”

“मला वाटलं, ती माझ्या विरुद्ध आहे,” गुरुजी म्हणाले.

निकाल दीड महिन्याने आला. शेठने गाडी परत घ्यावी, संपूर्ण रक्कम द्यावी आणि मनस्तापाबद्दल व येण्याजाण्याबद्दल वर दहा हजार. शेठ धनादेश घेऊन स्वतः बोथला आला. गाडी न्यायला त्याने दुसरा ट्रॅक्टर आणला होता; पंढरीने त्याच्या गाठी तपासल्या आणि नापसंती दाखवली. जाताना गाडीने डावे वळण घेतले आणि तिचा हॉर्न वाजला. गुरुजींनी नकळत हात वर केला.

शेठने मात्र चहा घेतला. मग पिशवीतून लाल वही निघाली. “मास्टरजी, बस दो लाइन. मामला निपट गया, ऐसा.”

गुरुजींनी लेखणी काढली. दिनांक, वेळ, धनादेशाचा क्रमांक, बँकेचे नाव. ‘शेरा वाचला, मान्य’ पर्यंत येताच शेठने वही ओढून घेतली, शेजारी बसलेल्या संघपालच्या हातात दिली आणि म्हणाला, “भैया, पहले पूरा पढके सुनाओ.” संघपालने दोनदा वाचून दाखवले. मगच त्याने सही केली. शिक्का एकदाच मारला.

त्या रात्रीचे जेवण झाल्यावर रुक्माबाई म्हणाल्या, “आता पैसे हाय. दुसरी गाडी पाहान का?”

गुरुजी मनाशी मोजत होते. बोथ ते आदिलाबाद, तीनदा शेठकडे, तीनदा पेशीला, सहाही वेळा एकटे. कुणीही नेले नव्हते.

“नको,” ते म्हणाले. “शब्दकोश दे जरा.”

बाराव्या मसुद्याची गरज पडली नाही. पत्र त्यांनी पोस्टकार्डावर लिहिले, आणि रीतीने लिहिले.

‘प्रिय उद्धवा, सप्रेम जयभीम. तुझ्या पत्रास चार वर्षे झाली, विलंबाबद्दल कारण नाही. येत्या रविवारी सकाळी सव्वासातच्या बसने निघतो. उटनूरला उतरून पुढे आटो. सोबत रुक्मा व धपाटे. गाडीचा क्रमांक कळवत नाही, कारण गाडी नाही. मला कुणी आणत नाही, मी आपणहून येत आहे, याची नोंद घ्यावी. खेळी माझी आहे. तोवर मोहऱ्यांना कुणी हात लावू नये. वाचून सही करून ठेवणे. तुझा, मोतीराम.’

सकाळी दोघे पोस्टापर्यंत चालत गेले. गुरुजींनी कार्ड लाल पेटीत टाकले आणि त्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला.

“आता काय झालं?” रुक्माबाईंनी विचारले.

“दिनांक लिहिला का मी? नुसतं ‘येत्या रविवारी’ लिहिलंय. त्याला कळणार कसं, कोणत्या?”

ते पेटीच्या फटीत दोन बोटे घालू पाहू लागले. रुक्माबाईंनी त्यांचा हात धरून बाहेर काढला, आणि घराकडे वळेपर्यंत सोडला नाही.

“परतेक रविवारी जाऊ,” त्या म्हणाल्या. “एखादा तं त्याच्यातला आसनच.”